राजवाड्यापासून विंगेपर्यंत : लंडनमधली एक पायपीट

पायपीट

लंडनवर धागा निघाला की लंडन आय आणि मेणाचे पुतळे आलेच. दोन्हीकडे रांगेत पाय दुखायचे ते दुखतातच, मग तेच पाय चालण्यात दुखवले तर काय बिघडलं? या खेपेला आम्ही एका ब्लू बॅजवाल्या, म्हणजे परीक्षा देऊन अधिकृत झालेल्या, गाईडबाईंबरोबर ग्रीन पार्क स्टेशनपासून कॉव्हेंट गार्डनपर्यंत पायी फेरी केली. अंतर पाचेक किलोमीटर, पण थांबतथांबत अख्खी दुपार जाते. जाहिरातीत 'राजवाडे, राजकारण, रंगभूमी' असे तीन वेगळे भाग दिले होते. चालताना लक्षात आलं की या एकाच घरातल्या तीन खोल्या आहेत आणि मधली दारं कधी नीट लागलेलीच नाहीत. सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच.

सुरुवात बकिंगहॅम पॅलेसपासून. खरं सांगायचं तर बाहेरून तो एखाद्या जुन्या बँकेच्या हेड ऑफिससारखा दिसतो. ७७५ खोल्या, त्यातल्या ९२ नुसत्या कचेऱ्या. तिसऱ्या जॉर्जने १७६१ मध्ये हे घर राणीसाठी विकत घेतलं, जॉन नॅशने ते वाढवलं, आणि राजगादीचं माणूस इथे मुक्कामाला आलं ते १८३७ मध्ये, व्हिक्टोरियाच्या रूपाने. फोटोत येतो तो दर्शनी भाग तर १९१३ चा.

पहारा बदलण्याचा सोहळा बहुधा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराला असतो. पाऊस लागला तर रद्द. माझ्या मते हुकला तरी हळहळू नका. तासभर आधी जाऊन जाळीला चिकटायचं आणि शेवटी समोरच्याच्या खांद्यावरच्या पोराचे बूट बघायचे! बाईंनी त्यापेक्षा मजेची गोष्ट दाखवली : लाल कोटावरची बटणं. त्यावरून पलटण ओळखता येते. सुटी सुटी असली तर ग्रेनेडियर, जोडीने असली तर कोल्डस्ट्रीम, तीन-तीनच्या गटात स्कॉट्स, चार-चारच्या आयरिश, पाच-पाचच्या वेल्श. मग आमची चिल्लीपिल्ली पुढचा तासभर जो लाल कोट दिसेल त्याची बटणं मोजत होती.

तिथून मॉल रस्त्याने सेंट जेम्स पॅलेसकडे. गर्दी इथवर येत नाही. लाल विटांचा, बुटका, आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात बांधलेला वाडा. परदेशी राजदूतांची नेमणूक आजही कागदोपत्री याच वाड्याच्या दरबारात होते, बकिंगहॅमच्या नाही. पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन १२ नोव्हेंबर १९३० ला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाच्या) रॉयल गॅलरीत झालं आणि नंतरच्या बैठका या वाड्यात झाल्या. बाबासाहेबांनी अस्पृश्यांचं गाऱ्हाणं जगापुढे मांडलं ते इथे. बाहेर त्याची काही खूण मला दिसली नाही. आपल्यापैकी कुणी गेलं तर दोन मिनिटं थांबा, एवढंच.

आणि याच वाड्यात पूर्वी लॉर्ड चेंबरलेनची कचेरी होती. हा राजाच्या घरकारभाराचा प्रमुख. मेजवान्या, लग्नं, शाही अंत्ययात्रा हे त्याचं काम. पण १७३७ ते १९६८ या काळात आणखी एक काम त्याच्याकडे होतं : देशातल्या प्रत्येक नव्या नाटकाची संहिता आधी त्याच्या माणसांनी वाचायची, निळ्या पेन्सिलीने कापायची, आणि मगच प्रयोगाला परवाना द्यायचा.

बाकीचं पुढच्या प्रतिसादात, चहा झाला की.

विंगेतलाबाबू

रुमाल टाकून ठेवतो. नाटकाचा परवाना राजवाड्यातून, हे माहीत नव्हतं. म्हणजे आपलं परिनिरीक्षण मंडळ हे त्याचंच नातवंड म्हणायचं. आम्ही अजून संहितेच्या प्रती काढून मंडळाकडे पाठवतो, प्रमाणपत्र आल्याशिवाय तारीख लावता येत नाही. साहेबाने १९६८ ला पेन्सिल खाली ठेवली, आपण मात्र टोक करतोच आहोत.

उसळपाव

चहा किती वेळ चालतो तुमचा? :)

पायपीट

आलो आलो. बाबूसाहेब, तुमच्यासाठीच पुढचा मुद्दा आधी घेतो.

हा १७३७ चा कायदा आणला कुणी? रॉबर्ट वॉल्पोलने. पहिला पंतप्रधान मानतात तो. १० डाउनिंग स्ट्रीटमध्ये १७३५ मध्ये पहिल्यांदा राहायला गेला तोही हाच. दोनच वर्षांनी त्याने नाटकवाल्यांच्या मुसक्या बांधल्या, कारण हेमार्केटमधल्या एका छोट्या थिएटरात हेन्री फील्डिंग नावाचा तरुण त्याची आणि त्याच्या खाबूगिरीची रोज रात्री टिंगल करत होता आणि लोक पोट धरून हसत होते. कायदा आला आणि फील्डिंगची नाटकं बंद झाली. मग या माणसाने वकिली शिकून घेतली, कादंबऱ्या लिहिल्या आणि पुढे कॉव्हेंट गार्डनजवळच्या बो स्ट्रीटवर दंडाधिकारी होऊन बसला. लंडनचं पहिलं पगारी चोरपकड पथक त्यानेच १७४९ मध्ये उभं केलं. म्हणजे ज्याला सरकारने रंगमंचावरून उतरवला, तोच थिएटरांच्या गल्लीत सरकारचा माणूस म्हणून परत आला! बाईंनी ही गोष्ट डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकासमोर अर्धी सांगितली आणि उरलेली बो स्ट्रीटवर, रॉयल ऑपेरा हाउसच्या समोर. गाईड म्हणून याला शंभर मार्क.

डाउनिंग स्ट्रीटवर बघण्यासारखं म्हणाल तर काळं फाटक आणि बंदूकधारी पोलीस. फाटक १९८९ चं. आतल्या विटा मुळात पिवळ्या. धुराने इतक्या काळवंडल्या होत्या की धुऊन काढल्यावर घर ओळखू येईना, म्हणून चक्क काळा रंग दिला. दाराच्या पत्रपेटीवर पंतप्रधान असं लिहिलेलंच नाही, 'खजिन्याचा पहिला लॉर्ड' असं आहे. घर त्या पदाचं आहे. लॅरी मांजर दिसलं नाही. ते २०११ पासून तिथे आहे आणि तेवढ्यात किती पंतप्रधान आले-गेले ते तुम्हीच मोजा.

विंगेतलाबाबू

वा! तो फील्डिंगचा किस्सा वाचून खाडिलकर आठवले. 'कीचकवध' १९०७ चं. कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकालाही कळत होतं, पण महाभारतातल्या कथेवर हरकत घ्यायची कशी? १९१० मध्ये सरकारने बंदी घातलीच. हत्यार कुठलं, तर १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. वॉल्पोलची युक्ती बोटीत बसून आली म्हणायची.

हिरवीमिरची

सगळं छान. पण ज्यांनी आपल्याला धुऊन नेलं त्यांच्या वाड्याच्या खोल्या मोजायला आपणच पौंड खर्च करायचे? पुतळे बघितले का तिथले? एकेकाच्या चौथऱ्याखाली आपला इतिहास गाडलेला आहे.

कंदीपेढा

हिरवीमिरची, म्हणून तर जायचं. मी साताऱ्याचा, व्हाइटहॉलच्या, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्याच्या, परिसरात फिरताना माझ्या डोक्यात एकच माणूस होता : रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोचले ते १८५३ पर्यंत तिथेच. लेडनहॉल स्ट्रीटवरची कंपनीची कचेरी, पार्लमेंटातले सभासद, सभा, अर्ज, छापील निवेदनं. महाराज १८४७ ला काशीत वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्यच खालसा केलं, तरी हा माणूस हटला नाही. हाती काही लागलं नाही. परत आल्यावर सत्तावन्नात उतरले, मुलगा सीताराम साताऱ्यात फाशी गेला आणि ते स्वतः असे नाहीसे झाले की कंपनीला शेवटपर्यंत सापडले नाहीत.

आता पुतळ्यांचं. ट्रॅफल्गर स्क्वेअरमध्ये नेल्सनच्या खांबाच्या अलीकडे एक चौथरा हॅवलॉकचा आहे. जुलै १८५७ मध्ये नानासाहेबांच्या फौजेला हरवून कानपुरात शिरला तो. खाली कोरलंय की हा पुतळा त्याचा आणि भारतातल्या १८५७ च्या मोहिमेतल्या त्याच्या साथीदारांचा. दुसऱ्या चौथऱ्यावर सिंध घेणारा नेपियर. २००० साली लंडनचे महापौर म्हणाले होते की हे दोघे कोण ते कुणालाच माहीत नाही, हलवा यांना. हलवले नाहीत. लोक त्यांच्या पायाशी बसून सँडविच खातात. आपल्याला माहीत आहे ते कोण, एवढं पुरे.

परराष्ट्र खात्याच्या पाठीमागच्या पायऱ्यांवर क्लाइव्ह आहे, तोही बघून घ्या.

हिरवीमिरची

@कंदीपेढा, दंडवत. पुढच्या वेळी जाईन तेव्हा हॅवलॉकसमोर बसून मीही सँडविच खाईन. मिरची घालून.

पायपीट

कंदीपेढा, हे मूळ लेखात हवं होतं, धन्यवाद. पुतळ्यांचा विषय निघालाच आहे तर पार्लमेंट स्क्वेअर. मार्च २०१५ पासून तिथे गांधीजी आहेत, शाल पांघरलेले, बसक्या चौथऱ्यावर. त्याच चौकात चर्चिल, ओव्हरकोट घालून, काठी टेकून. आणि त्याच चौकात जनरल स्मट्स, ज्याने दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर गांधीजींनी त्याला स्वतः तुरुंगात केलेल्या चपला भेट दिल्या होत्या. असा शेजार कुणी मुद्दाम रचला तरी जमणार नाही. बाईंनी यावर भाष्य केलं नाही, फक्त तिघांकडे ओळीने बोट दाखवलं. मला ते आवडलं. २०१८ पर्यंत या चौकात एकाही बाईचा पुतळा नव्हता. पहिला बसला तो मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा.

जुनाखलाशी

हॉर्स गार्ड्सच्या घड्याळाबद्दल काही लिहिलं नाहीत?

पायपीट

काका, लिहितो. व्हाइटहॉलवर हॉर्स गार्ड्सच्या इमारतीवर घड्याळ आहे, त्यात दोनच्या आकड्यापाशी एक काळा डाग आहे. ३० जानेवारी १६४९ ला दुपारी दोनच्या सुमारास समोरच्या बँक्वेटिंग हाउसबाहेर पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं, त्याची ती खूण. थंडीने कापलो तर लोकांना वाटेल भ्यालो, म्हणून राजाने त्या दिवशी दोन सदरे घातले होते. वधमंचाकडे जाताना तो ज्या दालनातून गेला त्याचं छत त्यानेच रुबेन्सकडून रंगवून घेतलेलं. विषय काय, तर बाप स्वर्गात जातोय आणि राजेपण ईश्वरदत्त आहे.

जुनाखलाशी

डागाची गोष्ट ठीक आहे, पण ती इमारत अठराव्या शतकातली, म्हणजे वधानंतर शंभरेक वर्षांनी बांधलेली. त्या घड्याळाने तो वध बघितलेला नाही हे नवख्या वाचकांना सांगायला हवं. दुसरं : संध्याकाळी चारला तिथे पहाऱ्याची तपासणी असते, ती बघा. गर्दी कमी. व्हिक्टोरिया राणीला १८९४ मध्ये तिथले शिपाई ड्यूटीवर पत्ते-दारूत रमलेले सापडले, तिने शंभर वर्षं रोज चारला हजेरीची शिक्षा दिली. शंभर वर्षं १९९४ ला संपली, हजेरी चालूच आहे. घोड्याशेजारी पाटी आहे की घोडा लाथ मारेल किंवा चावेल. ती पाटी वाचतवाचतच लोक सेल्फीसाठी घोड्याला खेटतात.

नाट्यकीडा

सगळं राजकारणच चाललंय. नाटक कुठाय??

पायपीट

आलंच. पण त्याआधी एक मिनिट वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, कारण नाटकाचा धागा तिथूनच निघतो.

पार्लमेंट १८३४ च्या आगीत जळलं, त्यातून हा १०९७ चा हॉल वाचला. खांबाशिवाय पेललेलं लाकडी छत बघताना मान दुखते. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर खटला चालला तो इथे, १७८८ ते १७९५. अवधच्या बेगमांना लुटल्याचा आरोप मांडायला उभा राहिला रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन. तो खासदार होता, आणि ड्रुरी लेन थिएटरचा मालकही होता, आणि त्या काळचा सगळ्यात लोकप्रिय नाटककारही होता. त्याचं भाषण ऐकायला एकेका जागेसाठी पन्नास गिनी मोजल्या गेल्याचं सांगतात. चार दिवस बोलला, आणि शेवटचं वाक्य टाकून खटल्यातला सहकारी खासदार बर्क याच्या हातात कोसळला. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या ठणठणीत! हेस्टिंग्ज अखेर निर्दोष सुटला. अवधच्या बेगमांच्या पदरात काय पडलं म्हणाल, तर लंडनकरांच्या टाळ्या.

आता चला ड्रुरी लेनला. फेब्रुवारी १८०९ मधली रात्र, हाउस ऑफ कॉमन्सचं कामकाज चालू, आणि खिडक्यांतून आभाळ लाल दिसायला लागलं. शेरिडनचं थिएटर जळत होतं. गंमत म्हणजे याच थिएटरात १७९४ मध्ये आग अडवण्यासाठी लोखंडी पडदा बसवला होता. सभागृहाने कामकाज थांबवायची तयारी दाखवली, शेरिडन म्हणाला, देशाचं काम थांबवू नका. मग जवळच्या कॉफीहाउसात बसून प्याला हातात घेऊन आग बघत राहिला. कुणीतरी हटकलं, तर म्हणे, माणसाने आपल्याच शेकोटीपाशी बसून एक घोट घेऊ नये का? पुरता धुतला गेला तो त्यात.

आजची इमारत १८१२ ची, २०२१ मध्ये नवी केलेली. आत शिरलं की एका बाजूच्या दारावर 'राजाची बाजू' आणि दुसऱ्या बाजूला 'युवराजाची बाजू' असं लिहिलंय. तिसरा जॉर्ज आणि त्याचा पोरगा यांच्यातून विस्तव जात नव्हता, थिएटरात समोरासमोर आले की तमाशा व्हायचा, म्हणून जिनेच वेगळे केले. मी त्या दोन पाट्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि बाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाचे? आमच्या सौ. म्हणाल्या, ज्या बाजूला स्वच्छतागृह जवळ त्या.

नाट्यकीडा

खतरनाक. कॉव्हेंट गार्डनचं पण लिहा ना.

पायपीट

कॉव्हेंट गार्डनची मंडई १९७४ ला हलवली, आता दुकानं आणि कसरतवाले. चौकाच्या एका बाजूला सेंट पॉल्स चर्च आहे (मोठ्या घुमटाचं नव्हे, हे वेगळं). इनिगो जोन्सने १६३३ मध्ये पुरं केलेलं. चौकाकडचं ते भव्य दार खोटं आहे, पाठीमागे वेदी आहे, खरं दार पलीकडच्या अंगणातून. ते शोधून आत जाच. भिंतीभर नटनट्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, चॅप्लिन, व्हिव्हियन ली, आणि कितीतरी अशी नावं जी आता कुणालाच ओळखीची नाहीत.

त्या खोट्या दाराच्या खांबांखाली, पावसात, शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलंवाली पहिल्या अंकात भेटते. आपल्याकडे पुलंनी तिची 'ती फुलराणी' केली. आम्ही गेलो तेव्हा बारीक पाऊस होताच. खांबांखाली एक जण एकचाकी सायकलवर बसून सुऱ्या झेलत होता आणि समोरच्या माणसांकडून पाच पौंडांची नोट मागत होता. बाजूच्या भिंतीवर लिहिलंय की इथे १६६२ मध्ये 'पंच' नावाच्या बाहुल्याचा कळसूत्री खेळ झाला आणि रोजनिशीकार पीप्सने तो बघितला. म्हणजे साडेतीनशे वर्षं झाली, त्या जागी टोपी फिरतेच आहे.

विंगेतलाबाबू

१६६२ म्हणजे दुसऱ्या चार्ल्सचं राज्य. त्यानेच दोन कंपन्यांना नाटकाची सनद दिली ना? आणि बायकांची कामं बायकांनीच करावीत असंही त्यात होतं असं वाचलंय.

पायपीट

बरोबर. किलिग्रू आणि डॅव्हनंट. ड्रुरी लेन ही किलिग्रूची गादी. बालगंधर्वांच्या आधी अडीचशे वर्षं तिथे नायिका खरोखरची बाई होती. अर्थात त्या बायकांना पुढे काय काय सोसावं लागलं तो वेगळा धागा आहे.

स्लाउचीसून

इथे राहते म्हणून थोडं व्यवहाराचं. तिकिटांसाठी लेस्टर स्क्वेअरमधली टीकेटीएसची टपरी खरी, आसपासच्या 'अर्ध्या किमतीत' वाल्या बाकीच्या दुकानांत जपून. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर हसण्यावारी नेऊ नका. एका थिएटरात मी पूर्ण दोन अंक एका लोखंडी खांबाशी गप्पा मारल्यात. ही थिएटरं बहुतेक व्हिक्टोरियन किंवा त्यानंतर लगेचची, सगळ्यात वरच्या बाल्कनीत गुडघे हनुवटीला लागतात. मॅटिनी बुधवारी, गुरुवारी किंवा शनिवारी, अडीचच्या आसपास.

अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून चालू आहे, मध्ये फक्त करोनात थांबलं. सेंट मार्टिन्स थिएटरच्या दर्शनी भागात लाकडी फळीवर आजचा प्रयोग कितवा ते लिहिलेलं असतं, तिकीट न काढताही डोकावून बघता येतं. खुनी कोण ते इथे कुणी लिहायचं नाही हं!

पार्लमेंटात चर्चा ऐकायला पैसे लागत नाहीत, क्रॉमवेल ग्रीनच्या दारापाशी रांग लावा. बुधवारी बाराचा पंतप्रधानांचा प्रश्नोत्तराचा तास सोडून कुठलीही वेळ चालेल. अंधार पडल्यावर घड्याळाच्या मनोऱ्यावर सगळ्यात वर दिवा दिसला तर समजा सभागृह चालू आहे.

उसळपाव

सासूबाई बरोबर आहेत, वय सत्तरीपुढे, गुडघे. एवढं चालणं झेपायचं नाही. काही पर्याय? शिवाय त्यांना नाटक बघायचंच आहे, इंग्रजी फारसं कळत नाही.

स्लाउचीसून

२४ नंबरची बस पकडा. पार्लमेंट स्क्वेअर, व्हाइटहॉल, ट्रॅफल्गर स्क्वेअर करून चेअरिंग क्रॉस रोडने वर जाते, म्हणजे निम्मी फेरी खिडकीतून होते. सासूबाईंना खालच्याच मजल्यावर बसवा, चढउतार नको. ग्रीन पार्क आणि वेस्टमिन्स्टर स्टेशनांना लिफ्ट आहे. कॉव्हेंट गार्डनला उतरू नका. लिफ्ट आहे, पण गर्दी बघून लोक जिन्याने निघतात आणि तिथे १९३ पायऱ्या आहेत. मधे नॅशनल गॅलरीत टेका, प्रवेश फुकट, बाकं भरपूर, स्वच्छतागृह चांगलं.

नाटकाऐवजी संगीतिका बघा, भाषा अडत नाही. स्टॉल्समधली कडेची खुर्ची घ्या, म्हणजे पाय लांब करता येतो. आणि मध्यंतरात जागेवरून उठायची गरज नाही, आइस्क्रीमच्या कपवाली मुलगी स्वतःच रांगांच्या तोंडाशी येऊन उभी राहते. चमचा झाकणातच असतो, सासूबाईंना सांगून ठेवा, आमच्या आईंनी तो झाकणासकट टाकून दिला होता.

उसळपाव

धन्स ताई. वाचनखूण साठवली. @पायपीट, मराठी माणसांना 'कीचकवध' माहीत असतो हे गाईडबाईंना सांगितलंत का?

पायपीट

नाही, तेव्हा सुचलं नाही, ते बाबूसाहेबांमुळे आत्ता कळलं. पण पुढच्या महिन्यात पुतण्या जातोय, त्याच बाईंच्या फेरीत नाव घातलंय. त्याला सगळा मजकूर पाठवतो. रंगो बापूजींसकट.